यादींतलें नांव आणि माळावरचा पक्षी

‘संकटग्रस्त प्राणी’ हे शब्द आतां आपल्या घरोघर रुळले आहेत. मुलांच्या निबंधांत ते येतात, वर्तमानपत्रांत येतात, आणि माळढोकाचें नांव निघालें कीं आपल्याही तोंडीं सहज येतात. परंतु एखादा वकील १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा उघडून त्यांतील व्याख्यांच्या कलमांत हे शब्द शोधूं लागला, तर ते त्याला तेथें सांपडावयाचे नाहींत. प्राणी म्हणजे काय, शिकार म्हणजे काय, अधिवास म्हणजे काय, ह्यांच्या व्याख्या तेथें आहेत. शिकारीच्या व्याख्येंत तर पक्ष्याचीं अंडीं फोडणें किंवा घरट्यास धक्का लावणें हेंही घातलेलें आहे. मात्र कोणती जात केव्हां संकटांत आली असें समजावें, ह्याची कसोटी दिलेली नाहीं. तिच्या जागीं याद्या आहेत. जिचें नांव पहिल्या यादींत, त्या जातीला कडेकोट संरक्षण. जिचें खालच्या यादींत, तिला त्याहून कमी. ही यादीची रीत कोठून आली, आणि नांदेड-लातूरकडच्या आपल्या माळांवर तिचा काय परिणाम झाला, हें आज सांगावयाचें आहे.

यादीची रीत इंग्रजांनीं आणली असें कोणी म्हणेल. पण ती त्यांच्याहून फार जुनी आहे. अशोकानें राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर काढलेल्या आज्ञेंत, म्हणजे त्याच्या पांचव्या स्तंभलेखांत, अवध्य प्राण्यांचीं नांवें एकामागून एक दिलेलीं आहेत. पोपट आहे, मैना आहे, चक्रवाक आहे, वटवाघूळ आहे, कांसव आणि गेंडाही आहे. नांवें संपल्यावर एक सर्वसाधारण नियम येतो: जें चतुष्पाद उपयोगांतही येत नाहीं आणि खाण्यांतही येत नाहीं, तें मारूं नये. पिलांना पाजणाऱ्या शेळ्यामेंढ्यांविषयीं निराळा निर्बंध आहे आणि ठराविक तिथींस मासे धरूं नयेत असाही आहे. नुसत्या नांवांची यादी पुरी पडत नाहीं, तिला काळाची आणि स्थितीची जोड द्यावी लागते, हें त्या राजाच्या लेखकांना उमगलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. ह्याच राजाच्या पाकशाळेंत तो पहिला शिलालेख कोरला तेव्हांही दोन मोर आणि कधींमधीं एक हरिण मारलें जात असे, हें त्यानें स्वतःच त्या लेखांत नमूद करून ठेवलें आहे. आजच्या कोणत्या सरकारी अहवालांत इतका स्पष्टपणा आढळेल? असो.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. नांदेड आणि लातूर हीं नांवें आपण एका दमांत घेतों, पण रानाच्या दृष्टीनें त्यांत मोठें अंतर आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट आणि माहूर हा डोंगराळ, सागवानी मुलूख. पैनगंगेच्या कांठानें तेथें खरेंखुरें जंगल उभें आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर वसलेलें. तेथें जंगल नांवालाच. पण जंगल नाहीं म्हणजे रान नाहीं, असें मात्र नव्हे. मुरमाड जमिनीवर पावसाळ्यांत गुडघाभर वाढणारें आणि उन्हाळ्यांत पिवळें पडणारें गवत, मध्येंच एखादी बोर किंवा बाभळ, असा तो माळ. काळवीट, लांडगा, कोल्हा, ससा हे त्या माळाचे रहिवासी. आणि ह्याच जातीच्या माळांचा राजा म्हणजे माळढोक. उंची सुमारें एक मीटर, नराचें वजन पंधरा किलोपर्यंत. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत इतका भारी पक्षी जगांत फारच थोडा. माळावरचा ढोक म्हणून माळढोक. त्याच्या घुमण्यावरून सोलापुराकडे त्याला ‘हूम’ असेंही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर एका वेळीं बहुधा एकच अंडें घालते. पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यांत हा पक्षी एके काळीं पसरलेला होता. ह्या पट्ट्यांतला दख्खनचा दुवा पश्चिमेस सोलापूरचें नान्नज आणि दक्षिणेस पूर्वीं कर्नूल जिल्ह्यांत असलेलें रोल्लापाडु येथपर्यंत पोंचत असे.

ब्रिटिश हिंदुस्थानांत पक्ष्यांसाठीं पहिला अखिल देशी कायदा १८८७ सालीं झाला. त्यांत ‘रानपक्षी’ ह्या शब्दाची व्याख्या करतांना मोराचा आणि शिकारीच्या प्रत्येक पक्ष्याचा त्यांत समावेश होतो असें म्हटलें होतें. ह्या एका ओळींत त्या काळची सारी दृष्टि आली. पक्ष्याला कायद्यांत जागा मिळाली ती शिकाऱ्याचें लक्ष्य म्हणून. पुढें १९१२ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें होतें. त्यांत माळढोकवर्गीय पक्षी, बदकें, तणमोर, रानकोंबडे, तित्तिर, मोर, कबुतरें, लावे, बगळे, नीलपंख, खंड्या अशीं नांवें, आणि चतुष्पादांत हरणें, गवे, रानम्हशी, गेंडे, ससे वगैरे घातले होते. नांवें सगळीं वर्गांचीं. एकेका जातीचा निवाडा त्यांत नव्हता. माळढोक मेला काय आणि लावा मेला काय, परिशिष्टाला दोन्हीं सारखेंच. तरीही ह्या कायद्यांत एक गोष्ट होती, ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक स्थानिक सरकारला आपल्या मुलुखापुरता, वर्षाच्या अमुक भागासाठीं किंवा सबंध वर्षासाठीं, शिकारबंदीचा काळ ठरवून देण्याचा अधिकार होता. म्हणजे त्या कायद्याला प्रदेश कळत होता आणि ऋतुही कळत होता. जात तेवढी कळत नव्हती.

पण हा कायदा नांदेडला किंवा लातूरला लागूच नव्हता. नांदेड हा निजामाच्या राज्यांतला जिल्हा, आणि लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतलें एक ठिकाण. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप चालत नसत. सरकारी दप्तर उर्दूंत, वर्ष फसली, आणि शिकारीची राखीव रानें म्हणजे शिकारगाह राजेरजवाड्यांच्या व अमीरउमरावांच्या हौसेसाठीं. असें असूनही एका बाबतींत निजामाच्या राज्यानें मोठें काम करवून घेतलें: १९३१-३२ मध्यें सलीम अली ह्यांनीं हैदराबाद राज्यांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली आणि ती मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत छापली गेली. कोणता पक्षी कोठें व किती आहे, हें न पाहतां त्याच्यासाठीं कायदा करणें म्हणजे शिरगणती न करतां धान्याची वांटणी करणें होय. हैदराबादला पाहणी झाली, पण तिच्या आधारें मोजून-मापून यादी करण्याचा विचार तेव्हां कोणाच्या मनांत आला नाहीं. सबंध जगांतच तो अजून यावयाचा होता.

ही उणीव किती महाग पडते, हें चित्त्यानें दाखविलें. दख्खनच्या माळांवर काळविटामागें धांवणारें हें जनावर. राजे लोक त्याला पकडून माणसाळवीत आणि शिकारीस नेत. १९४७ सालीं मध्यभारतांतील कोरिया संस्थानच्या राजानें तीन चित्ते मारले, आणि ते देशांतले शेवटचे ठरले. १९५२ सालीं चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. तो संकटांत आहे असें मात्र त्यापूर्वीं कोणत्याही कायद्यानें कधीं म्हटलें नव्हतें.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद भारतांत विलीन झालें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. मध्यंतरीं मुंबई राज्यानें १९५१ सालीं आपला स्वतःचा वन्यप्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. वन्यप्राणी हा विषय त्या वेळीं राज्यांच्या कक्षेंतला. त्यामुळें १९७२ सालीं संसदेला सबंध देशासाठीं कायदा करावयाचा झाला, तेव्हां आधीं राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव घ्यावे लागले. अकरा राज्यांनीं ते ठराव केले. त्या पहिल्या अकरांत महाराष्ट्राचें नांव नव्हतें. तो मागून आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर हा विषय केंद्र व राज्य ह्या दोघांच्या सामायिक सूचींत गेला.

१९७२ च्या कायद्याच्या मूळ अनुसूची आज वाचल्या म्हणजे गंमत वाटते. पहिली अनुसूची पूर्ण संरक्षणाची. तिच्या खालीं ‘विशेष शिकार’, ‘मोठी शिकार’, ‘लहान शिकार’ अशा पायऱ्या, आणि प्रत्येकीसाठीं परवाना. पांचवी अनुसूची उपद्रवी जनावरांची. म्हणजे संरक्षणाचा म्हणून केलेला हा कायदाही सांगाड्यानें शिकारीचाच होता. जनावरांची प्रतवारी तीं किती उरलीं ह्यावर उभी नव्हती. तीं कोणी व कशीं मारावीं, ह्यावर होती. परवान्याच्या शिकारीची पद्धत १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. पण यादी राहिली.

ह्याच सुमारास, २८ डिसेंबर १९७३ रोजीं, अमेरिकेंत संकटग्रस्त जातींचा कायदा झाला. त्यानें निराळी वाट धरली. त्यांतील व्याख्या अशी कीं, जी जात आपल्या सबंध टापूंत किंवा त्याच्या लक्षणीय भागांत नष्ट होण्याच्या धोक्यांत आहे ती संकटग्रस्त. आणि जी दृष्टिपथांतील भविष्यकाळांत तशी होण्याचा संभव आहे ती धोक्यांत आलेली. ‘जात’ ह्या शब्दाचीही तेथें व्याख्या आहे: तींत उपजाति तर येतेच, शिवाय कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतींत एखाद्या प्रदेशांतला वेगळा ओळखतां येणारा समूहही ‘जात’ म्हणून गणतां येतो. कोणाही नागरिकानें अर्ज करावा. अर्जांत तथ्य दिसतें कीं नाहीं हें सरकारनें शक्यतों नव्वद दिवसांत सांगावें. दिसत असल्यास बारा महिन्यांत निर्णय द्यावा. निर्णय शास्त्रीय पुराव्यावरच व्हावयाचा, खर्चाचा विचार त्यांत आणावयाचा नाहीं.

ह्या कायद्याचा इंगा १९७८ सालीं दिसला. बोटाएवढ्या एका माशासाठीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें टेनेसी राज्यांतील, जवळजवळ पुरें होत आलेलें एक धरण थांबविलें. पुढच्याच वर्षीं त्यांच्या संसदेनें त्या धरणाला सूट देऊन टाकली, हें सांगितलें नाहीं तर गोष्ट अर्धवट राहील. शिवाय त्या पद्धतींत एक दालन आहे, त्याला ‘उमेदवार जाति’ म्हणतात. संरक्षण द्यावयास हवें हें मान्य, पण अधिक निकडीचीं कामें आधीं, म्हणून थांबा! ह्या दालनांत कांहीं जाति वर्षानुवर्षें बसून राहिल्या. तेव्हां अमेरिकेचा कायदा म्हणजे रामबाण, असें माझें म्हणणें नाहीं. पण विचाराधीन जात म्हणजे काय, तिचा अर्ज कोणत्या तारखेस आला आणि त्यावर काय झालें, हें तेथें कागदावर राहतें.

आपल्याकडे हें दालन नाहीं. कलम ६१ प्रमाणें केंद्र सरकार अधिसूचना काढून एखादें नांव यादींत घालूं शकतें, काढूं शकतें, एका यादींतून दुसरींत नेऊं शकतें. नागरिकानें अर्ज केला तर इतक्या दिवसांत उत्तर द्यावें, असें त्या कलमांत कांहीं नाहीं. २००२ च्या जैविक विविधतेच्या कायद्यांत, अडतिसाव्या कलमांत, व्याख्येच्या जवळ जाणारी एक गोष्ट प्रथमच आली: जी जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे किंवा नजीकच्या काळांत नष्ट होण्याचा संभव आहे, ती केंद्र सरकारनें राज्याशीं विचारविनिमय करून धोक्यांतील म्हणून जाहीर करावी आणि ती गोळा करण्यास बंदी घालावी किंवा निर्बंध लावावे. परंतु माळढोकाला आतां कोणी गोळा करीत नाहीं. त्याच्या पायाखालची जमीन जात आहे, हें त्याचें दुखणें.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ १९४८ सालीं फ्रान्समधील फोंतेन्ब्लो येथें स्थापन झाला. १९६४ पासून तो लाल याद्या काढतो आणि १९९४ पासून त्यानें त्यांना आंकड्यांच्या कसोट्या लावल्या. त्या कसोट्यांवर माळढोक २०११ सालीं ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. १९६९ च्या सुमारास देशांत १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास तो दीडशेच्या आसपास आला. पण ही लाल यादी म्हणजे शास्त्रज्ञांचें मत. तिच्या जोरावर कोणाला दंड होत नाहीं.

आतां दोन माळकरी शेजारी समोर ठेवा, काळवीट आणि माळढोक. दोघेही पहिल्या अनुसूचींत. काळवीट बंदुकीच्या धाकांतून सुटला आणि पुष्कळ ठिकाणीं वाढला. ज्वारी-हरभऱ्याच्या कोंवळ्या शेतांत त्याचे कळप उतरूं लागले, आणि मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याला रात्र रात्र जागलीवर बसावें लागूं लागलें. नीलगाईनें किंवा रानडुकरानें पीक खाल्लें तर अकराव्या कलमानें वनाधिकारी त्यांना मारण्याची परवानगी देऊं शकतो. काळविटासाठीं ती वाट बंद. पहिल्या अनुसूचींतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला, किंवा रोगानें जर्जर होऊन बरा होण्यापलीकडे गेला, तरच ती उघडते. पिकाचें नुकसान हें कारण तेथें चालत नाहीं. शेतकऱ्याला हें विपरीत वाटतें, आणि त्याला दोष देतां येणार नाहीं. त्याच्या बांधावर शेंदीडशें हरणें उभीं असतात आणि कायदा त्यांना दुर्मिळ समजतो.

माळढोकाचें उलट झालें. बंदूक थांबली, पण माळ राहिला नाहीं. दप्तरांत ज्या जमिनीला पडीक, गायरान, पोटखराब म्हणतात, तीच त्याची घर करण्याची जागा. आणि पडीक म्हटलें कीं कोणीतरी ती ‘कामाला लावावयाची’ हें ठरलेलेंच. कोठें नांगर फिरला, कोठें कालवा आला आणि ऊंस आला. कोठें वनीकरणाच्या सदिच्छेनें झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. उघड्या माळाच्या पक्ष्याला त्याही भिंतीसारख्याच. लातूरचा माळ ह्याच वाटेनें गेला.

त्याला वांचविण्याचा महाराष्ट्रानें केलेला यत्न मोठा होता, हें मान्य केलें पाहिजे. सोलापूर शहराच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर नान्नज आहे. तेथील पक्ष्यांकडे १९७२ च्या सुमारास अभ्यासकांचें लक्ष गेलें, आणि १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. पण त्यांतील बहुतेक जमीन खाजगी. गांवेंच्या गांवें, बाजारपेठा, सडका, सगळें अभयारण्यांत! जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले आणि त्यांच्या रागाचा रोख पक्ष्यावर वळला. पुढें न्यायालयांतून व समित्यांतून फिरून तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. मला वाटतें, आधीं पक्षी जेथें खरोखर नाचतो व अंडीं घालतो ती थोडीशी जमीन निश्चित करून तीच कसोशीनें राखली असती, तर शत्रु कमी झाले असते. मराठवाड्याच्या बाजूस तर तेवढीही रेघ ओढली गेली नाहीं.

येथेंच यादीचें खरें वैगुण्य दिसतें. अनुसूचींत ‘माळढोक’ हें एकच नांव आहे. थरच्या वाळवंटांतला तोच, नान्नजचा तोच. त्यामुळें दख्खनच्या एकेका माळावरून तो नाहींसा होत गेला तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें कांहींच घडलें नाहीं. नांव होतें त्या जागींच राहिलें. अमेरिकेच्या व्याख्येनें दख्खनचे पक्षी हा वेगळा समूह आहे काय, असा प्रश्न निदान विचारतां आला असता. आणि विशेष हें कीं, आपल्या कायद्याला प्रदेश कळत नाहीं असें नाहीं! बासष्टावें कलम पाहा: एखादें जनावर अमुक भागापुरतें, अमुक मुदतीपुरतें, उपद्रवी म्हणून जाहीर करतां येतें. त्याप्रमाणें २०१५ सालीं बिहारच्या कांहीं जिल्ह्यांत नीलगाय एका वर्षापुरती उपद्रवी ठरली होती. मारण्यासाठीं जिल्हा मोजतां येतो. अमुक जिल्ह्यांत ही जात संपत आली, असें सांगण्यासाठीं मात्र अनुसूचींत रकाना नाहीं.

१५ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गीरच्या सिंहांच्या खटल्यांत निकाल देतांना माळढोकाचेंही नांव घेतलें आणि संकटग्रस्त जाति हुडकून त्यांच्या अधिवासाची व धोक्यांची पाहणी करावी असें केंद्राला सांगितलें. नंतर, १९७२ च्या कायद्याचा मसुदा तयार करण्यांत ज्यांचा प्रमुख वांटा होता, ते एम. के. रणजितसिंह स्वतःच माळढोकासाठीं त्या न्यायालयांत गेले. विजेच्या तारांवर आपटून हे जड पक्षी मरतात, म्हणून तारा जमिनीखालून न्याव्या असा आदेश १९ एप्रिल २०२१ रोजीं झाला. २१ मार्च २०२४ रोजीं तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे देण्यांत आला. त्या आदेशांतील प्रदेश राजस्थान आणि गुजरात ह्यांतले आहेत.

मूळ कायद्याची शेवटची मोठी दुरुस्ती २०२२ ची. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. उपद्रवी जनावरांची वेगळी अनुसूची गेली, बासष्टावें कलम राहिलें. काळवीट आणि माळढोक दोघेही पहिल्या अनुसूचींत आहेत. नान्नजला अलीकडे एखाददुसरा माळढोक दिसल्याची वार्ता अधूनमधून येते; काळविटांचे कळप मात्र तेथें रोज दिसतात.